मामांचं गोल तोरण

पनवेलमध्ये जुना कपडा अंगावर घालून निर्धास्त फिरावं असा एकही रस्ता माझ्या नवऱ्याच्या मामांनी शिल्लक ठेवला नव्हता. समोरच्या माणसाचं ते आधी कापड बघत, मग चेहरा. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या काकांच्या जांभळ्या कुर्त्याची बाही दोन बोटांत चोळून पाहिली आणि फाटला की कळवा, असं अगदी अदबीनं सांगून ठेवलं. माझ्या नवऱ्याचा लाडका टी-शर्ट दोरीवर वाळत होता. मामांच्या मते त्याचं आयुष्य पुरं झालं होतं. संध्याकाळी त्याच्या पट्ट्या झालेल्या आम्ही त्यांच्या मांडीवर पाहिल्या. त्यांचं घर आमच्या समोरच, त्यामुळे बरे कपडे बाहेर वाळत घालणं मी सोडूनच दिलं.

हे सगळं कशासाठी, तर दारावरच्या तोरणासाठी. न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनरांचे कागद हाताळण्यात मामांची नोकरी सरली आणि निवृत्त झाल्यावर त्यांना रंगांचं वेड लागलं. तारेचा हँगर वाकवून ते त्याचं कडं करत आणि त्यावर चिंध्यांच्या गाठी इतक्या दाट बसवत की तार म्हणून दिसू नये. चैत्रात पिवळं-पोपटी, श्रावणात हिरवं, दिवाळीला लाल-केशरी. तोरण गोल कसं, असं कुणी विचारलं तर सांगत, "आडव्याला दोन टोकं येतात. ती नीट संपवायला शिवणकाम यावं लागतं." आणि विकतचं तोरण आणणं म्हणजे शेजाऱ्याचा नैवेद्य आपल्या देवाला दाखवणं, असं त्यांचं ठाम मत. मामी या उद्योगाला हसत, घरभर उडालेले धागे झाडून काढत. पण रंग ठरवायच्या त्याच. मामांनी लालाशेजारी गुलाबी धरलं की त्या नुसतं "हं" म्हणत आणि मामा निमूट गाठ सोडत.

मग मामी विसरायला लागल्या. आधी गॅसवरचं दूध, मग माणसांची नावं, मग घर. आमच्या इमारतीत सगळे मजले सारखे, दारंही एकाच रंगाची. एकदा त्या खालच्या मजल्यावरच्या घरात जाऊन सोफ्यावर बसल्या आणि त्या घरच्या बाईंनाच, आपलं काय काम होतं, असं विचारू लागल्या. बाई भल्या. त्यांनी चहा केला आणि मामांना बोलावून घेतलं. परत येताना मामी जिन्यात बसून रडल्या. घर सापडत नाही याची लाज तेवढी त्यांना अजून वाटत होती.

त्यानंतरच्या तोरणासाठी मामांनी कुणाकडे काही मागितलं नाही. मामींच्या कपाटातल्या, नेसून नेसून विरलेल्या साड्या काढल्या. पनवेलजवळचं कोन गाव हे मामींचं माहेर. तिथली त्यांच्या आईची हिरवी साडीही त्यात होती. ते तोरण दारावर लागलं आणि खरंच उपयोगी पडलं. मामी लिफ्टमधून बाहेर आल्या की दारं न्याहाळत, तोरणाशी थांबत, बोटांनी चाचपून "ही आईची" म्हणत आणि आत जात.

दिवाळी आली तशी मामांना राहवेना. त्यांनी हौसेनं लाल-केशरी तोरण लावलं. मी माझ्या दारात रांगोळी काढत होते, तेव्हा मामी लिफ्टमधून बाहेर आल्या, तोरणाकडे बघितलं आणि तिथेच उभ्या राहिल्या. दार उघडं होतं, आत मामा दिसत होते. तरी त्या आत जाईनात. वर्षानुवर्षं शहरात राहून त्यांची भाषा बदलली होती. त्या दिवशी तोंडी गावचीच आली. "ह्यो आमचा घर नाय," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मामांनी स्टूल आणलं, नवं उतरवलं, जुनं चढवलं. मामी आत गेल्या.

तेव्हापासून मामांच्या दारावरचा ऋतू थांबला. होळी गेली, गणपती गेले, साड्यांचं तोरण फिकं पडत गेलं. जरा मळका रंग न सोसणारा हा माणूस दुपारी मामींचा डोळा लागला की ते उतरवून हलक्या हातानं धुवायचा, पंख्याखाली वाळवायचा आणि त्या उठायच्या आत परत लावायचा.

यंदा चैत्राच्या तोंडावर मामा माझ्याकडे आले आणि पिवळं काही आहे का, म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांनी काही मागितलं म्हणून मला आनंद झाला. मी चांगली ओढणीच पुढे केली आणि मामी चालवून घेतील ना, असं विचारलं.

"आता कुठलंही चालेल गं," मामा म्हणाले. "तिला ते जुनंही ओळखू येत नाही."

पाडव्याला मामा मामींना हात धरून खाली फिरवून वर आणत होते. मी दारातच होते. नव्या तोरणापाशी मामी थांबल्या, पिवळ्या गाठींवरून हळूच हात फिरवला.

"चांगला हाय. कोनी केलाय?"

"इथे एक जण राहतात," मामा म्हणाले. "ते करतात."

"त्यांना सांगा, चांगला हाय म्हनून."

मामांनी सांगतो म्हटलं, आणि पाहुणीला आत घ्यावं तसं दार उघडून ते बाजूला उभे राहिले.