उलट्या चाव्या

नजीब परकार बहारीनला एसीवाला म्हणून आला आणि एसीवालाच राहिला. पण हिवाळ्यातल्या शुक्रवारी सकाळी सहा ते अकरा तो चावीवाला असतो.

ते असं झालं. जुफैरला सोळाव्या मजल्यावर चंद्रशेखर नावाचे पुण्याचे इंजिनिअर राहतात. त्यांचा एसी थंड होईना म्हणून नजीबला बोलावणं गेलं. स्टुलावर चढून जाळी काढता काढता त्याची नजर भिंतीवरच्या फोटोवर पडली. वाळवंटातला अरुंद रूळ आणि शेजारी टोप्या घातलेले सात-आठ हसरे लोक.

"साहेब, ह्या चाव्या कुनी ठोकल्यान?"

"आम्हीच. का हो?"

"अर्ध्या उलट्या हायत."

चावी म्हणजे कुलपाची नव्हे. रूळ खालच्या आडव्या स्लीपरला धरून ठेवणारी लोखंडी पाचर. भरलेली गाडी जिकडं जाते तिकडं तोंड करून ती ठोकायची, म्हणजे गाडीच्या ओढीनं आणखी आवळत जाते. उलटी ठोकली तर प्रत्येक डबा तिला थोडी थोडी सैल करतो. नजीबला हे ठाऊक होतं, कारण तरुणपणी त्यानं गावाकडं रेल्वेच्या एका ठेकेदाराकडं तीन पावसाळे हेच काम केलं होतं.

फोटोतला रूळ एका बंद पडलेल्या दगडखाणीचा. बेटाच्या दक्षिणेला, तेलाच्या पाइपलाइनींच्या पलीकडं. वाळूखाली गाडला गेलेला तो रूळ चंद्रशेखर आणि मंडळींनी हौसेनं उकरून काढला, सव्वा मैल. हिवाळ्यात शनिवारी छोटं डिझेल इंजिन चार डबे भरून शेडपासून खाणीपर्यंत नेतं. लोक खाणीत उतरतात, बसनं परत येतात. रिकामे डबे मागं येतात.

पुढच्याच शुक्रवारी नजीबच्या हातात हातोडा आला आणि मंडळी त्याला मुकादम म्हणायला लागली. त्यानं एकच नियम घातला. एक माणूस शेडकडनं चालत निघेल, दुसरा मोटारीनं खाणीपाशी जाऊन तिकडनं चालत येईल. मधे गाठ पडली की वहीत दोघांनी शेजारी शेजारी सही करायची. दोन सह्या नाहीत तर शनिवारी गाडी नाही.

"एवढं कडक कशाला, नजीबभाई? आपण काय राजधानी एक्सप्रेस चालवतोय?" चंद्रशेखर म्हणाले.

"असू द्या साहेब."

डिसेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी चंद्रशेखर खाणीकडनं चालत आले ते कपाळाला आठ्या घालून. त्या टोकाच्या चाळीस चाव्या उलट्या ठोकलेल्या. पोरांचा चावटपणा असेल म्हणून सगळ्यांनी मिळून त्या सुलट केल्या. पुढच्या शुक्रवारी ऐंशी. त्याच्या पुढच्या शुक्रवारी सव्वाशेच्या वर. दर आठवड्याला काम शेडकडं सरकत होतं, जसा कुणी तिकडनं रोज थोडा थोडा चालत यावा. एक चावी चोरीला गेली नव्हती, एक वाकली नव्हती. वाळूत पावलं म्हणावीत तर वारा कशाला ठेवतोय.

नजीब गुडघ्यावर बसला. चावीच्या डोक्यावरचे ताजे घाव त्यानं बोटानं चाचपले. प्रत्येकीवर तीन. दोन खोल, एक हलका.

"पोरांचा काम नाय ह्यो," तो म्हणाला. "ह्यो शिकलेला चावीवाला हाय. त्या अंगाकडनं गाडी येनार, तिच्यासाठी रूळ तयार करतंय."

"त्या अंगाला खाण आहे, नजीबभाई. पुढं खड्डा."

त्या दिवशी नजीबनं जेवण टाकलं. सनद भागातल्या त्याच्या दोन खोल्यांत बायकोनं, महमुदानं, तळलेली मांदेली त्याच्यापुढं ठेवली, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "त्योच काय?"

"दोन जोरात, एक हलको."

तिलाच एकटीला सगळं माहीत होतं.

पस्तीस वर्षांपूर्वी नजीब एका स्टेशनाकडनं चालत निघायचा, गंगाराम धुलप पुढच्या स्टेशनाकडनं. डोंगर कापलेल्या घळीपाशी दोघं भेटायचे, बिडी ओढायचे, एकमेकांच्या वहीत सही करायचे. चार मैल यायचं, चार मैल जायचं, तेही पावसात. मग दोघांनी सोय काढली. सोमवारीच आठवड्याच्या सगळ्या सह्या करून टाकायच्या. मग कुणाला कधी अडचण आली तर बोंब नाही.

त्या गुरुवारी अडचण नजीबला आली. तो मुलगी बघायला गेला होता. घळीत दरड सुटली, धोंडा गंगारामच्या पायावर बसला. चार वाजता माणसं पोचली तेव्हा तो गार झाला होता. डॉक्टर म्हणाला, दुपारपर्यंत जिवंत असावा. त्याच्या हाताजवळच्या रुळावर घाव होते, शेकड्यांनी. रूळ वाजवला की आवाज लांब जातो. दोन जोरात, एक हलका, ही त्यांची हाक होती. नजीबच्या वहीत गुरुवारची गंगारामची सही सोमवारपासूनच होती, म्हणून नजीबला कुणी काही विचारलं नाही. महिन्याभरात तो मेव्हण्याच्या व्हिसावर इकडं आला. मुलगी महमुदाच होती.

"तवा मना बगाया आल्ताव," ती आता म्हणाली. "आता जाताव ना त्याला बगाया?"

जानेवारीतल्या त्या शनिवारी शाळेची साठ मुलं गाडीत बसणार होती. त्यात नजीबची नात आतिका. "दादा, विल इट गो फास्ट?" म्हणून तिनं आठवडाभर कान खाल्ले होते.

शुक्रवारी सकाळी असं धुकं पडलं की शेडच्या दारातून इंजिन दिसेना. खाणीपर्यंत मोटार हाकणं शक्यच नव्हतं. चंद्रशेखर करक चहाचा कप घेऊन आले, वही नजीबच्या हातात दिली.

"माझी सही करून ठेवलीय. तुम्ही तुमची करा. दुपारी धुकं गेलं की बघून घेऊ सावकाश. खलास."

नजीब त्या सहीकडं बघत राहिला. शाई अजून ओली होती.

"ती सही खोडा, साहेब."

"अहो, पण..." म्हणत चंद्रशेखरांनी सहीवर रेघ ओढली.

"खोडा. आनि तुमी हितंच थांबा. आज त्या अंगाकडनं येनारा दुसरा हाय."

"कोण?"

पण नजीब वही खिशात घालून, हातोडा खांद्यावर टाकून धुक्यात शिरला होता.

पाच पावलांवर शेड गेली. पुढचे दोन स्लीपर दिसत, मागचे दोन दिसत, बाकी दुनिया मफी, नाहीच. अर्ध्या वाटेवर त्यानं पहिली उलटी चावी पाहिली. तिथं उभा राहून त्यानं रुळावर हातोडा मारला. दोन जोरात. एक हलका.

बराच वेळ काही नाही. मग तळव्याखाली रूळ थरथरला. आवाज नंतर आला, लांबून, पाण्याखालून यावा तसा. दोन. एक.

मागं वळायला काही हरकत नव्हती. बघणारं कुणी नव्हतं, आणि पस्तीस वर्षांपूर्वीही नव्हतं. तो पुढं निघाला. त्या अंगाचे घावही, खड्ड्याच्या पलीकडनं निघाल्यासारखे, जवळ यायला लागले. घाव, थांबणं, घाव. चालणाऱ्याचा एक पाय ओढतोय हे थांबण्याच्या लांबीवरनं कळत होतं. खाणीच्या कडेवर रूळ संपतो तिथं नजीब पोचला आणि त्याच्या बुटापुढची चावी, अगदी बुटापुढची, खणखणली. दोन, आणि मग हलका एक. तिथं कुणी नव्हतं.

"आलंय मी, गंगाराम," तो म्हणाला. "उशीर झाला."

त्यानं वही उघडून रुळावर ठेवली, पेन वर ठेवला, आणि शेजारी बसला. दोन बिड्या पेटवल्या. एक ओढली. एक स्लीपरवर जळत राहिली. धुकं विरेपर्यंत तो तिथंच होता. मग उठला आणि परत येताना एकेक चावी सुलट करत आला, दोनशेच्या वर.

शेडपाशी चंद्रशेखरांनी वही घेतली. नजीबची सही होती. शेजारी खोडलेल्या सहीखालची जागा कोरी.

"दुसरी सही?"

"तुमी करा. पन आदी चालून या, साहेब. मी जुम्म्याला जातंय."

चंद्रशेखर मोटार घेऊन खाणीपाशी गेले आणि तिथून पूर्ण सव्वा मैल चालत आले. एकही चावी उलटी नव्हती. त्यांनी सही केली. फक्त एक गोष्ट त्यांना विचारायची होती, ती त्यांनी संध्याकाळी फोनवर विचारली. अगदी टोकाची, खाणीच्या कडेची चावी नजीबभाईंनी दोनदा ठोकली होती का? बाकी सुलट केलेल्यांवर शेडकडच्या बाजूनं एकेकच नवा घाव होता. तिच्यावर तीन होते, आणि तेही ताजे, शेडकडच्या बाजूनं मारलेले.

निघताना ती चावी नजीबनं मुद्दामच तशीच, उलटी, सोडली होती. तिला हात लावायचा त्याला धीर झाला नव्हता.

"सुलट हाय ना?" त्यानं विचारलं.

"सुलट आहे."

"मग उद्या गाडी सोडा."