हात की गाडी

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. त्यासाठी फार काही करावंही लागलं नाही, कारण कुणी विचारतच नव्हतं. ज्यांनी एकदा विचारलं होतं त्यांना मी उत्तर दिलं होतं, आणि ते खोटं होतं.

शहापुरात हमरस्त्याला लागून माझं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, दोन जॅक, एक बाकडं. इंजिनाची कामं करणारे पुष्कळ होते. पण गाडी एका बाजूला ओढते, स्टेअरिंग थरथरतं, खड्ड्यात गेली की पुढून ठोका बसतो, असलं काही असलं की मुरबाडपासून कसाऱ्यापर्यंतचे लोक माझ्याकडे यायचे. मला त्याची घमेंड होती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मुरबाडच्या अलीकडे एका गावात राहायचे. थोडी भातशेती आणि एक जुनी मोटार. त्यांनी घेतली तेव्हाच ती म्हातारी झालेली होती. पण गावात दुसरी गाडी नव्हती, त्यामुळे बाळंतीण, नवरी, साप चावलेला माणूस, सगळे तिच्यातूनच जायचे. भावोजी सावकाश चालवत. मागच्या सीटवर दुधाची किटली झाकण न लावता ठेवली तरी सांडत नाही, असं लोक म्हणायचे. कुणी असं बोललं की ते दुसरीकडे बघत, पण कान इकडेच असत.

एका उन्हाळ्यात ते गाडी घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, गाडी मधूनच डावीकडे ओढते, नेहमी नाही. वळणावर पुढून कट् असा आवाज येतो आणि मग स्टेअरिंग क्षणभर हलकं लागतं, खाली चाकच नसल्यासारखं. इतकं नेमकं गिऱ्हाईक सहसा सांगत नाही. त्यांनी दुखण्यावर बोट ठेवून दाखवलं होतं. पण पुढे ते म्हणाले की मुरबाडच्या मेस्त्रीने बघितलं, खालचा बॉल जॉइंट गेलाय म्हणतो, पण तू बघितल्याशिवाय मी हात लावू दिला नाही.

मुरबाडचा मेस्त्री माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान होता. त्याने काढलेला दोष माझ्याच शेडमध्ये ऐकून घ्यायचा आणि वर मान डोलवायची, हे मला जमणारं नव्हतं. जॅक उचलायच्या आधीच मी मनात ठरवून टाकलं की जॉइंट चांगला आहे.

बॉल जॉइंट म्हणजे वाटीत बसवलेला लोखंडी गोळा. चाक त्याच्यावर वळतं आणि त्या बाजूचा भारही त्याच्यावरच येतो. तो झिजला की गोळा आणि वाटी यांच्यात फट पडते. आम्ही तिला प्ले म्हणतो. त्या गाडीची स्प्रिंग खालच्या आर्मवर, म्हणजे चाकाला धरणाऱ्या आडव्या दांड्यावर, बसलेली होती. अशा गाडीला जॅक त्या आर्मखालीच लावायचा, म्हणजे जॉइंटवरचा भार उतरतो, आणि मग टायरखाली पहार घालून चाक उचलून बघायचं. प्ले असला तर हाताला लगेच कळतो. जॅक चासीखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, लावला तर चाक लोंबतं खरं, पण स्प्रिंग जॉइंटला ताणून धरते. मग चाक कितीही हलवा, झिजलेला जॉइंट नव्यासारखा घट्ट लागतो. हे मी काम शिकायला लागलो त्या पहिल्या महिन्यातच शिकलो होतो.

त्या दिवशी मी जॅक चासीखाली लावला.

चाक दोन्ही हातांनी हलवलं. घट्ट होतं. टायरमधली हवा कमीजास्त होती ती सारखी केली. एक चक्कर मारून आलो, त्या चकरेत गाडी सरळ चालली. मग बाकड्यावर बसलेल्या मंडळींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "भावोजी, गाडीत काय नाय. तुमचा हातच डावीकडं ओढतो. वय झालं आता."

सगळे हसले. बाकड्यावरचा एकजण म्हणाला, "आता बैलगाडीच घ्या, ती आपली आपण घरी जाते." भावोजीही हसले. मग त्यांनी डावा हात पुढे धरून एकदा उलटा, एकदा सुलटा करून बघितला आणि गाडीत जाऊन बसले.

पुढच्याच पंधरवड्यात ते आणि ताई आमच्याकडे बारशाला येत होते. शेणव्याच्या पुढे मोरीजवळच्या वळणावर पुढचं डावं चाक दुमडलं आणि गाडी रस्ता सोडून खाचरात उतरली. कोरडं खाचर, दगडासारखा बांध. डाव्या बाजूला ताई बसली होती. तिचा खुबा मोडला. भावोजींच्या कपाळाला खोक पडली, बाकी काही झालं नाही, आणि आपल्याला काही झालं नाही हेच त्यांना आयुष्यभर लागून राहिलं.

दवाखान्यात डॉक्टर समजावून सांगत होते. एका हाताची मूठ दुसऱ्या हाताच्या तळव्यात फिरवून म्हणाले, हा गोळा, ही वाटी. मला पुढचं ऐकवेना. मी बाहेर जाऊन बसलो.

दोन दिवसांनी गाडी ओढून माझ्या शेडमध्ये आणली. मी खाली वाकून बघितलं. जॉइंटचं रबर फाटून कधीचं वाळलेलं, आत ग्रीसचा ठिपका नाही, नुसती गंजाची तांबडी भुकटी. गोळा एका अंगाने झिजून चपटा झालेला. तो तुटला नव्हता. वाटीतून निसटून आला होता. आपटून मोडलेलं लोखंड आतून करडं आणि चकचकीत दिसतं. इथे तसं काही नव्हतं. मला कळायला एक मिनिटही लागलं नाही.

भावोजी कपाळाला पट्टी बांधून शेजारी उभे होते. त्या दिवशी बाकड्यावर कुणी नव्हतं.

"मेस्त्री," ते म्हणाले, "खरं सांग. हात की गाडी?"

मी म्हणालो, "आपटल्यामुळं निसटलंय हे. आधी चांगला होता."

"म्हंजे हात," ते म्हणाले.

मी पाने-पकडी गोळा करत राहिलो.

गाडी भंगारात गेली. जॉइंट मात्र मी काढून फडक्यात बांधून ठेवला. का ठेवला ते सांगता येत नाही. भावोजींनी पुन्हा कधी स्टेअरिंग धरलं नाही. गावात पुढे आणखी गाड्या आल्या, पण घाईच्या वेळीसुद्धा कुणी त्यांना चालवायला बोलावलं नाही. ताई चालायला लागली, पण लंगडतच. एकदा तिने मला सांगितलं, "मी त्यांना कधी काय बोलले नाय. पण रस्त्यानं जाताना ते माझ्या मागनंच चालतात, बघितलंस?" मी बघितलं होतं.

बऱ्याच वर्षांनी भावोजींचा डावा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवाताचं निदान केलं. ते ऐकल्यावर मी ठरवलं की आता सांगायचंच. फडक्यातला जॉइंट पिशवीत घातला आणि मुरबाडची एसटी धरली. वाटभर वाक्यं जुळवत होतो. त्या नादात शेणव्याची मोरी कधी मागे गेली कळलं नाही.

भावोजी ओटीवर बसले होते. डावा हात मांडीवर, उजव्याने दाबून धरलेला. शेजारचे एक गृहस्थ बसले होते. मला बघून भावोजींचा चेहरा उजळला. शेजाऱ्यांना म्हणाले, "हा आमचा मेस्त्री. डॉक्टरांना आत्ता कळलं, ह्यानं तेव्हाच पकडलं होतं. हात ओढतो म्हणाला होता, मी हसण्यावारी नेलं." मग माझ्याकडे वळले. "आजार होता रे तो. तेव्हापासनंच सुरू होता. म्हंजे मी काय बेफिकीर नव्हतो. हिला पण सांगितलं मी."

ताई चहा घेऊन आली. बशीत ओतून, फुंकर घालून, तिने ती त्यांच्या ओठांना लावली. इतक्या वर्षांत मी तिला त्यांच्या एवढ्या जवळ बसलेलं बघितलं नव्हतं.

मी स्वतःला सांगितलं की आता खरं बोलणं म्हणजे त्यांचं समाधान काढून घेणं. ही माझी पळवाट होती, हे मला चहा पितानाच कळत होतं. त्यांना काय मिळालं असतं आणि काय गेलं असतं, हे ठरवणारा मी कोण. पिशवी पायाशी तशीच राहिली. संध्याकाळच्या गाडीने मी ती परत आणली.

गेल्या थंडीत भावोजी गेले. ताई आहे. हे लिहून झालं की मी मुरबाडला जाऊन तिला वाचून दाखवणार आहे, मग ती मला ओटीवर बसू देवो अगर न देवो. पण त्या दिवशी एसटीत जुळवलेली वाक्यं तिच्यासाठी नव्हती. ती अशी होती:

भावोजी, तुमी मला इचारलं होतं, हात की गाडी. गाडी होती. आणि ती मी नीट बघितली नाय. तुमचा हात सरळ होता. मला माफ करा.