कोडेकवाल्यांचा आहेर

मंगळवेढ्याचे ते काका सोलापुरात आमच्या स्टुडिओत आले होते धाकट्या मुलीच्या लग्नाची फिल्म न्यायला. पण पिशवीतून त्यांनी आधी काढली ती थोरलीच्या लग्नाची जुनी सीडी.

"ही लावून दाव."

लावली. सनई, बँड, भटजी, सगळं ऐकू आलं. पडदा मात्र काळाच.

"बगितलंस? थोरलीचं लगीन आमाला नुसतं ऐकायला मिळतंय. लई जागी फिरलो. समदे म्हनत्यात, आवाज तर येतोय की!"

थोरलीच्या लग्नात त्यांची बायको होती. धाकटीच्या वेळी ती राहिली नव्हती. आता धाकटी नवऱ्याबरोबर परदेशी निघाली होती आणि चालतीबोलती आई होती ती फक्त या सीडीत. जावयाचा लॅपटॉप वेगळ्याच कंपनीचा. "तितंबी दिसायला पायजे," काका म्हणाले.

"दिसंल की. आमचा पोरगा ग्रॅज्युएट हाय," स्टुडिओचे मालक माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. हे वाक्य ऐकलं की माझी पाठ अजूनही आपोआप ताठ होते.

कोडेक काय असतो हे सोलापुरात समजावणं सोपं आहे. व्हिडिओ म्हणजे चादर. ती लहानशी घडी घालून ठेवायची आणि बघताना उलगडायची, या रीतीला कोडेक म्हणतात. काकांच्या सीडीतली घडी कुठल्याशा कंपनीची होती आणि रीत गुप्त. कंपनी बंद पडली, उलगडणारे गेले. पण जगात कुठे कुठे बसलेल्या लोकांनी ती घडी खटपट करून उकलली होती आणि रीत सगळ्यांसाठी उघडी करून ठेवली होती. त्यांचं सॉफ्टवेअर मी उतरवून घेतलं. मग तेच चित्र एका खुल्या कोडेकमध्ये भरलं, म्हणजे कुठल्याही कंपनीच्या मशीनवर ते उघडेल.

पडद्यावर मांडव दिसला. काकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"बास. बंद कर. फुडचं समद्यांसंगं बगू." मग म्हणाले, "ह्ये केलं कुनी?"

मी सांगितलं.

"त्यास्नी काय दिलं आपन?"

"काही नाही काका. फुकट असतं ते."

मी कुणाच्या शेतातला ऊस मोडून आणल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले. "आमच्या कार्यात पान्याच्या टँकरवाल्यालाबी टावेल-टोपी केली. आन् ह्यास्नी न्हाय? आदी आहेर, मंग पिच्चर."

मालक हसले. मला हसू आलं नाही. कॉलेजात विकतचं सॉफ्टवेअर घेण्याची माझी ऐपत नव्हती. मी शिकलो तो अशाच लोकांच्या जिवावर, आणि त्यांचा मान करावा हे मला कधी सुचलं नव्हतं.

धाकटी निघण्याआधी काकांच्या घरी सत्यनारायण होता. अंगणात पडदा बांधला होता. मी मोबाइलवर त्या सॉफ्टवेअरमागच्या लोकांची नावं काढून दिली आणि काकांच्या भाच्याने माइक घेतला. काही नावं त्याने चाचपडत वाचली. मग तो एका इंटरनेटवरच्या टोपणनावाशी अडला.

"मामा, हितं नुसतं स्लीपीफ्रॉग ल्हिलंय."

"आडनाव आसंल. वाच."

"स्लीपीफ्रॉग पाव्हनं, जितं आसाल तितनं स्टेजकडं यावं!"

सगळे माना वळवून फाटकाकडे बघू लागले. कुणी आलं नाही.

"जेवायला बसलं आसतील. बगून ये," काका म्हणाले. भाचा खरोखर पंगतीत जाऊन एकेकाला विचारून आला.

"कुनी कबूल हुईना, मामा."

"मंग त्यांच्या वतीनं ह्यो घेईल."

ह्यो म्हणजे मी. नाव पुकारलं जाई, नारळ हातात येई, टॉवेल खांद्यावर पडे आणि आधीच्या टोपीवर नवी टोपी बसे. टोप्यांचा मनोरा झाला. मला मान हलवता येईना. मागून एक बाई म्हणाली, "लई मोठा सायेब दिसतोय."

मग फिल्म सुरू झाली. बँड वाजला आणि या वेळी तो दिसलाही. थोरली बोहल्यावर आली. कॅमेरा फिरत फिरत मांडवाच्या कडेला गेला. तिथे ताट घेऊन उभी एक बाई दिसली. धाकटी पुढे सरकली.

"मला काय काडतोस? पोरीला काड की!" बाई पडद्यावरून ओरडली, आणि पडदा काळा झाला.

इतक्या लोकांचा आहेर घेऊन बसलो आणि कोडेक फसला! मी लॅपटॉपकडे झेपावलो. टोप्या घरंगळत अंगणभर गेल्या.

"हात लावू नगंस!" काका ओरडले. इतकी वर्षं ते हे बोलणं काळ्या पडद्यावर ऐकत आले होते. आता ते पडद्याच्या अगदी जवळ गेले.

"बिगडलं न्हाय काय. हात हाय त्यो तिचा."

नीट पाहिलं तेव्हा त्या काळोखात बोटांच्या फटींतून मांडवाचा उजेड येत होता, आणि कडेला हिरव्या बांगड्या होत्या.