जुमाचे वीस फॉर्म

परभणीच्या स्टँडवर सेलूची एसटी लागली, तेव्हाच माझं डोकं तापलं. जुमा टांझानियाचा, इथे शेतीच्या एमएस्सीला आलेला. कंडक्टरने स्वतः एकाला उठवून खिडकीची जागा त्याला दिली. मी चार वर्षं याच गाडीत उभा राहून मोर्चांना जातो, आमच्या विद्यार्थी संघटनेची पत्रकं वाटतो. माझ्यासाठी कुणी इंचभर सरकलेलं नाही.

सेलूजवळच्या वालूरच्या वीस शेतकऱ्यांकडून त्याला बोंडअळीच्या नुकसानीचे फॉर्म भरून हवे होते. उद्या दिले नाहीत तर सत्र बुडणार, व्हिसाही वाढणार नाही. दुभाष्यासाठी त्याने विद्यापीठाकडे तीन अर्ज केले. उत्तर एकच, "तरतूद नाही." समारंभात फोटोला मात्र परदेशी विद्यार्थी हवा! शेवटी मी निघालो, कारण वालूर माझ्या मामांचं गाव.

मामांच्या ओसरीवर टॉवेल-टोपी (आमच्याकडचा सत्कार) तयारच. मग भाकरी आणि येसराची (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची) आमटी. लोण्याचा गोळा त्याच्या ताटात. सख्खा भाचा मी!

जेवण उरकून ओसरीवर जमलेल्या शेतकऱ्यांपुढे फॉर्म काढले, तर जो तो म्हणे, "अळी? न्हाई बा. लय बेस पीक हाय." दहा फॉर्म, दहाही खोटे.

"मामा, खोटं कशाला सांगायलेत?"

"पावण्यापुढं रडगाणं गावं का? गावाची अब्रू हाय की न्हाई?"

जुमाला हिंदीत सांगितलं. टोपी काढून तो म्हणाला, "दोन वर्षं मी सगळीकडे पाहुणाच आहे. हार घालतात. खरं कुणी बोलत नाही."

मला आणखीच राग आला. त्याचं बरोबर होतं ना!

"मामी, ह्याला वेचणीला न्या!"

शेतात मामींनी त्याच्या कमरेला ओटी (कापूस वेचायची झोळी) बांधली. त्याने पाचोळ्यासकट कापूस कोंबला.

"आरं भाऊ, पाला कामून भरायलास? आसं वेचल्यावर बायको जेवाय वाढंल का?" मामी ओरडल्या.

मी भाषांतर केलं. वेचणाऱ्या बाया हसल्या, जुमाही हसला. एकीने किडकं बोंड फोडून त्याच्या तळहातावर ठेवलं. "ही बघ अळी. निम्मं पीक हिनंच खाल्लं." मग मागोमाग आलेले ओसरीवरचे शेतकरीही खरं सांगायला लागले, बोलणं थांबेना. दिवस मावळेपर्यंत वीस फॉर्म झाले, आधीचे दहा खोडून पुन्हा लिहिले.

शेवटचा मामांचा. ते जुमाकडे बघून म्हणाले, "फुडच्या साली कापूस लावणार न्हाई. जीव उबगला."

दुभाषी द्या, ही मागणी पत्रकात येणारच. हारतुरे आवरा, परदेशी पोराला कामात ओढा, हेही लिहीन. परतीच्या गाडीत जुमा फॉर्म छातीशी धरून झोपला होता. मी जागा. दर सुट्टीत मामांकडे जातो, पण कापूस सोडायचं ते मला कधी बोलले नाहीत. एका दुपारच्या ओळखीवर त्याला बोलले, आणि मी नुसतं भाषांतर केलं.