झोपाळ्याची फळी

कळंब्यातल्या सयाजी सुतारांनी अख्ख्या गावाला झोपाळे करून दिले आणि स्वतःच्या बायकोला चाळीस वर्षं नुसता शब्द दिला. "तुला एकसंध फळीचा करतो, जोडाचा न्हाय," असं ते लग्नाच्या वर्षी बोलून बसले होते. एवढी रुंद फळी मिळायची कुठं? तीन वर्षांपूर्वी बायकोच्या, तानाबाईंच्या, माहेरी, राधानगरीकडं, परड्यातला फणस वाऱ्यानं पडला. भावानं तीन इंच जाड, अडीच फूट रुंद फळी कापून बहिणीला पाठवली. सयाजींनी ती सोप्यात वाळत ठेवली आणि तानाबाईंनी झोपाळ्याच्या पितळी कड्या तेव्हापासूनच घासायला घेतल्या.

वाळता वाळता फळीला पीळ पडला. समोरासमोरचे दोन कोपरे वर, दोन खाली. शेजारच्या सम्मेदच्या कारखान्यात प्लेनर होतं, पण त्यात फूटभराच्या वर रुंद लाकूड जात नाही. म्हणजे हातरंधाच. सयाजींना त्याचाच आनंद. फळीच्या दोन टोकांना सारख्या उंचीच्या दोन पट्ट्या आडव्या ठेवायच्या, उकिडवं बसायचं आणि दोन्ही पट्ट्यांच्या कडा एका रेषेत येतात का बघायचं. नाही आल्या तर वरचा कोपरा रंधायचा, परत बघायचं.

सयाजींचा डावा डोळा ऐन तरुणपणी खिळ्याचा तुकडा उडून गेलेला. बघणारा उजवा एकच. आणि वडिलांनी घालून दिलेला नेम होता, की ज्याच्या नजरेनं काम सुरू, त्याच्याच नजरेनं ते संपवायचं. मध्ये दुसऱ्यानं पट्ट्यांवरून बघायचं नाही. नेम कसला, कारागिराचा ताठा तो! पण ताठ्याला नेम म्हटलं की घरात कुणी वाद घालत नाही.

पंधरा दिवसांचं काम. दोन महिने झाले. सयाजींना लांबची पट्टी वाकडीच दिसायची. ते एक कोपरा रंधायचे, मग दुसरा, मग फळीचं मधलं पोट. "फणस खट हाय, रोज पीळ बदलतोय," म्हणायचे. स्वतः बसवलेली दाराची चौकटही वाकडी दिसायला लागली, तर घर खचलं म्हणून मोकळे झाले. पिवळ्याधमक ढलप्यांचा रोज ढीग पडायचा आणि तानाबाई त्या टोपलीत भरून न्हाणीतल्या बंबात घालायच्या.

एक दिवस सम्मेद कड्यांची भोकं पाडायला ड्रिल घेऊन आला. फळीवर हात फिरवून थांबला.

"मामा, आरशागत सपाट हाय की! पर एवढी पातळ कशापायी केलासा? बसलं की मोडंल ही."

सयाजी भडकले. "डोळं फुटल्यात काय तुझं? पट्टी वाकडी दिसंना व्हय?"

सम्मेदनं पट्टी उचलून त्यांच्या हातात दिली. सयाजींनी कडेवरून अंगठा फिरवला. सरळ. डोळ्यानं बघितली. वाकडी. सुताराचा अंगठा खोटं बोलत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

शहरातल्या डॉक्टरांनी तपासलं. डोळ्याच्या पडद्यामागं पाणी झिरपून व्रण झाला होता. "महिनाभर आधी आला असतात तर नजर राखता आली असती, आजोबा," ते म्हणाले. "आता गेलं ते गेलं."

घरी आल्यावर सयाजी फळीपाशी बसले. पट्ट्या दोन्ही टोकांना ठेवल्या आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाले, "तू बघ गं."

तानाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"म्या बघितलंय."

"कवा?"

"म्हैना झाला. तुमी दाढी कराय गेलतासा तवा. दोनी पट्ट्या एका रेघंत हुत्या. फळी जाड हुती तवा. वाटलं, मला अडाणीला काय कळतंय. आनि तुमचा नेम..." तानाबाईंनी पदर तोंडात कोंबला.

सयाजींना तिच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. नेम त्यांचा, ताठाही त्यांचाच. त्यांनी बायकोच्या तोंडाकडं बघितलं. कानातली फुलं दिसली, केस दिसले. मधला चेहरा तेवढा दिसला नाही. त्यांनी चाचपत दोन्ही पट्ट्या उचलल्या आणि ढलप्यांच्या टोपलीत टाकल्या.

"उद्याच्या पाण्याला हुतील," म्हणाले.