गाळ्यातलं पहिलं पाणी
कोऱ्या मटक्यात पाणी भरलं की जो वास सुटतो, त्यानं मला अकोल्यातला आमचा गाळा आठवतो. कापसाचा भरवसा उरला नाही म्हणून बँकेचं कर्ज काढून नव्या कॉम्प्लेक्समध्ये आम्ही तो घेतला होता. कापसाचा भाव पडला की बाजारही बसतो, एवढी साधी अक्कल तेव्हा सुचली नाही. वर्ष होत आलं तरी भाडेकरू मिळेना. भर उन्हाळ्यात बाळापूरचा एक गादीवाला गाळा बघायला आला. त्यानं भिंतींवरून हात फिरवला, भाडं विचारलं आणि निघून गेला. हाही गेला, असं पुटपुटत मी तापलेलं शटर खाली ओढू लागलो, तोच तो रस्ता ओलांडून परत आला. खांद्यावर भरलेला कोरा मटका, सदरा भिजलेला. "काहून बंद करून राहिले, भाऊ? आमच्यात जागा पसंत पडली की आधी पानी ठेवतेत." त्यानं मटका कोपऱ्यात टेकवला आणि पहिला गिलास माझ्याच हाती दिला. मी उभ्यानंच घटाघटा प्यालो, वर दुसराही मागितला. आता घरी फ्रिज आहे. पण उन्हाळ्यात बाजारात गेलो की पाणी मी त्याच्याच दुकानात पितो.