साडूची सोपी कॅसेट

नळदुर्ग सोडलं त्या सकाळी तुम्ही सगळे हायवेच्या कडेला, माझ्या पंक्चरच्या दुकानापुढं उभे होता. संतोषनं गाडी चालू करून ठेवली होती आणि मी परत घरात गेलो. तुम्हांला वाटलं असंल, म्हातारा कमलच्या फोटोला हात जोडायला गेला. फोटो तर आधीच पोराच्या गाडीत ठेवला होता, मागच्या सीटवर, उशीला टेकवून. मी गेलो होतो टीव्हीगेम आणायला. कमलच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून काखेत मारून बाहेर आलो तर संतोष म्हणाला, “अण्णा, हे भंगार कशाला?”

“भंगार तर मीबी हाय. मला नेतोस ना?”

शेजारचा सलीमभाई एवढा हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. घराची किल्ली त्याच्याच हातात दिली आणि गाडीत बसलो. मागं कोण रडलं, कोण नाही, मी बघितलं नाही. मला बघायचं नव्हतं. कमलचं वर्षश्राद्ध उरकलं होतं, पोरगा एकट्याला राहू देत नव्हता, आणि मला भांडायचा दम राहिला नव्हता.

आता पुण्यात आहे. दहावा मजला. उभा जन्म गाड्यांच्या पोटाखाली काढला, इथं खिडकीतून नुसती गाड्यांची छपरं दिसतात. नळदुर्गात रात्रंदिस ट्रकांचा आवाज, पण झोप लागायची. इथं लिफ्टचं दार उघडल्याचा टिंग आवाज आला तरी जाग येते. सूनबाई चांगली आहे. भाकरी करून घालते, जरा जाड होते, पण करते. माझ्यासारखे जे पोरांच्या मागं गावं सोडून आले असतील, त्यांना बाकीचं सांगायची गरज नाही. वॉचमन आपल्याला ‘बाबा’ म्हणतो आणि आपण त्याला आपल्या गावाकडचा समजून बोलायला जातो, तर त्याला मराठी येत नसती.

खाली सोसायटीत चालायला फरशीचा रस्ता केलाय. संध्याकाळी तिथं माझ्या वयाची माणसं जोडीजोडीनं फिरतात. एक पांढरी टोपीवाला आहे, तो पुढं पळतो आणि त्याची बायको मागून ओरडते, “अहो, हळू!” तो गाढव ऐकत नाही. खोटं कशाला बोलू, मला त्याचा राग येतो. ‘अहो’ म्हणणारं माणूस मागं आहे आणि हा पुढं पळतोय.

पण माझी खरी जळजळ लई जुनी, आणि ती कळंबला राहते. दिगंबर माझा साडू. कमलची थोरली बहीण विमल, तिचा नवरा. मोंढ्यात धान्याची आडत, उंचापुरा गडी, मोठ्यानं बोलणारा. तो दारातून आत आला की घरातली पोरंबाळं सगळी त्याच्याभोवती. मी आलो की कुणीतरी म्हणणार, “बसा, पाणी आणते.”

त्या टीव्हीगेमचं सांगतो म्हणजे समजंल. संतोष शाळेत होता तेव्हा एका ओळखीच्या ट्रकवाल्यानं हैदराबादहून आणून दिला. टीव्हीला जोडायचा डबा, त्यात वरून कॅसेट खुपसायची. कॅसेटीत एक शिपाई. हातात भाला. त्यानं पळायचं, उड्या मारायच्या, गडाच्या पायऱ्या चढायच्या, आणि वर एक राक्षस बसलेला त्याला मारायचं. मारला की गड आपला. वाटेत वटवाघळं. एक वटवाघूळ नुसतं घासून गेलं की शिपाई मेला, आणि मेला की परत तळापासून. चार दिवसांत संतोष कंटाळला. मी नाही कंटाळलो. आमच्या गावात खराखुरा किल्ला आहे, पावसाळ्यात लोक लांबून धबधबा बघायला येतात, पण मला हा टीव्हीतला चढायचा होता.

तसाच डबा दिगंबरच्या घरीही आला. कुणीतरी पोरांसाठी बाहेरून आणला. तोच शिपाई, तोच गड, तीच वटवाघळं.

आमची सासुरवाडी तेर. अधिक महिना आला की जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे करून जेवू घालायची आपल्याकडं रीत आहे. त्या सालीही दोन्ही जावयांचे पाट शेजारी शेजारी मांडले होते. ज्यांना साडू आहे त्यांना माहीत आहे, त्या पाटावर बसलं की माणूस जेवायला बसत नाही, तुलनेला बसतो. दिगंबरनं पहिला घास घेतला आणि म्हणाला, “मामा, काल गड घेतला.”

सासरे म्हातारे झालेले, त्यांनी विचारलं, “कुठला गड?”

“टीव्हीतला. राक्षस मारला.”

“कुठला का असंना. घेतला ना?” सासरे खूश झाले. “थोरल्या जावयानं गड घेतला!”

कमल तूप वाढत होती. ती हसत म्हणाली, “आन आमच्या ह्यांला एक वटवाघूळ पुढं सरकू देत न्हाय.” सगळं घर हसलं. सासूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. आणि दिगंबरच्या ताटात कमलच्या हातची तुपाची धार जरा लांबली. तुम्ही म्हणाल, एवढं कोण बघतं? मी बघितलं. मला तो धोंडा गिळंना.

घरी आल्यावर मी खेळायला जी सुरुवात केली ती पुढं कित्येक वरसं. दिवेलागणीला दुकान बंद केलं की हात धुऊन टीव्हीपुढं. बाकीचे दुकानवाले ढाब्यावर बसायचे, पत्ते कुटायचे. मी घरी. कमल शेजारी सूप घेऊन बसायची, डाळ निवडायची. तिचं निम्मं ध्यान डाळीत, निम्मं गडावर. “बसा, बसा! वटवाघूळ!” ती ओरडायची, मी शिपायाला बसवायचो, आणि कधी कधी मीच मान खाली घालायचो. ती हसायची. मी चिडायचो. वरच्या दारापर्यंत पोचलो बऱ्याचदा. राक्षस दिसायचा. एक ठोसा बसला की खल्लास, परत तळ.

कळंबला गेलो की दिगंबर मुद्दाम डबा पुढं करायचा. “घ्या पावणं, खेळा एक डाव.” मी हात लावला नाही. साडूच्या घरी त्याच्या खेळण्यावर जिंकलो तर तो म्हणणार, माझ्या डब्याचं नशीब. आणि हरलो तर पुढचे धोंडे त्यावरच जेवायचे. लांबून एकदा बघितलं होतं. त्याच्या टीव्हीवर अक्षरं वेगळी होती, मुंग्या चालल्यावानी. मला वाटलं, माल खराब आहे. माझ्या कॅसेटीवरची इंग्रजी तरी मला कुठं वाचता येत होती? चौथी शिकलेल्याला दोन्ही सारखंच.

मग ते सगळं मागं पडलं. संतोष पुण्याला गेला. डबा माळ्यावर गेला. विमलला शुगर, बीपी, गुडघे, सगळं झालं. दोनदा तिला छातीत दुखून सोलापूरला नेलं, दोन्ही वेळा ती घरी आली आणि येताना भाजी निवडायला मागितली असंल, अशी ती बाई. कमलला कधी साधी गोळी लागली नाही. तिला एकदाच नेलं. एकदाच.

एकाच आईच्या लेकी दोघी, तेरच्या एकाच नदीचं पाणी प्यालेल्या. दिगंबरची घरी आली. तेराव्याला तो माझ्या खांद्यावर हात ठेवून बसला होता. त्याच्या मागं विमल उभी होती. तेव्हा माझ्या मनात जे आलं ते इथं लिहीत नाही, पण ते विमलच्या मरणाचं नव्हतं, त्याच्या सुखाचं होतं. एवढं समजून घ्या.

पुण्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात संतोषनं तो डबा जोडून बघितला. चालू होईना. माझं तोंड पडलेलं बघून म्हणाला, “थांबा अण्णा, हाच गेम लॅपटॉपवर लावून देतो.” खुडबूड करत बसला आणि मान वर न करता विचारलं, “कुठला लावू? जपानचा का अमेरिकेचा?”

“म्हंजे? दोन हायत?”

“दोन हायत. दिसायला एकच. जपानचा सोपा, अमेरिकेचा अवघड.”

त्यानं दोन्ही लावून दाखवले. जपानच्या गेमला सुरुवातीला मुंग्यांची अक्षरं आली, दिगंबरच्या टीव्हीवरची तीच. त्यात वटवाघळं निम्मी. शिपायाला तीन धक्के बसले तरी उभा. मेला तरी तळाला जात नाही, जिथं पडला तिथनंच परत उठतो. अमेरिकेच्या गेमला माझी वटवाघळं, सगळीच्या सगळी. एक धक्का आणि तळ.

“आसं कामून केलं रे?”

संतोष म्हणाला, तिकडं अमेरिकेत म्हणं कॅसेटी भाड्यानं मिळायच्या. गेम सोपा असला तर पोरं भाड्यानं नेऊन दोन दिवसांत संपवणार, विकत कोण घेणार? म्हणून अवघड केला. मला लगेच आपल्या स्टँडामागचं सायकलीचं दुकान आठवलं. तासावर सायकल द्यायचा तो, सगळ्या सायकली जड ठेवायचा. त्या बिचाऱ्याला तेल घालायचं सुचत नव्हतं, एवढाच फरक.

मी उठलो आणि कळंबला फोन लावला.

“दिगंबरराव, तुमची कॅसेट जपानची हुती.”

“कोण बोलतंय?”

“कोण म्हंजे? पुण्याहून मी.”

“पावणं! जेवलात का?”

“जेवण मरू द्या. तीन धक्के बसूस्तोवर तुमचा शिपाई मरत न्हाय. वटवाघळं निम्मी. तुमी गड घेतला न्हाय, तुमाला ताटात वाढून दिला. मी अमेरिकेच्या कॅसेटीवर वरच्या दारापतोर गेलोय, म्हायती हाय का?”

मला वाटलं, सापडला. अख्ख्या जन्मात पहिल्यांदा याची बोलती बंद केली. आणि तेवढ्यात त्याच्या मागून आवाज आला,

“कुणाचा फोन हाय वो?”

मी खाली बसलो. तो विमलचा आवाज होता. पण माणूस दिसत नसलं की दोघी बहिणींचा आवाज एकच आहे, हे मला एवढ्या वरसांत कळलं नव्हतं. कळायचं काय कारण? माझी माझ्या घरात बोलत होती.

दिगंबर तिला म्हणाला, “नळदुर्गच्या पावण्यांचा. तू चहा ठेव.” ती गेली असावी. मग आवाज बारीक करून मला म्हणाला, “मला म्हायती हाय, पावणं. लई वरसं झाली.”

“कुणी सांगितलं?”

“मेव्हणीनं.”

विमलचा पाय मोडला होता तेव्हा कमल आठ-पंधरा दिवस कळंबला राहिली होती. तिथं पोरं खेळताना तिनं बघितलं. रोज माझ्याशेजारी बसून तिला सगळी वटवाघळं पाठ, तिच्या लगेच ध्यानात आलं की हितं कमी हायत. तिनं दिगंबरकडं ती कॅसेट मागितली. पिशवीत घालून नळदुर्गला आणली. माझ्या घरात ती सोपी कॅसेट येऊन राहिली आणि मला पत्ता नाही. पुढच्या खेपेला तिनं ती तशीच परत नेऊन दिली.

“काय म्हणली देताना?” मी विचारलं.

“म्हणली, ‘दाजी, ही घ्या. मी लावलीच न्हाय. हिच्यावर गड घेतला तर मलाच खरं वाटायचं न्हाय. ते आपल्याच कॅसेटीवर घेतेल. आन न्हाय घेतला तर न्हाय. रोज दिवे लागायला घरी तर असतेत.’ मला शपथ घातली, त्यांला सांगू नका म्हणून.”

मी फोन ठेवून दिला. तो “हॅलो, हॅलो” करत होता तरी.

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या, आता तरी खूश हो. तिच्या नजरेत तू कमी नव्हतास. व्हय, तेवढं बरं वाटलं, नाकारत नाही. धोंड्याच्या ताटातलं ते तूप एकदाचं पचलं. पण दुसरं गळ्यात अडकलं. कमलचं माझ्याबद्दलचं एवढं बोलणं, ते ह्या माणसाकडं पडून होतं. मला ती कधी असं बोलली नाही. मला म्हणायची, “बसा, वटवाघूळ.” तिचं राहिलेलं बोलणंसुद्धा त्याच्याकडनं मागून घ्यावं लागलं. गड घेतला तो घेतला, हेही त्याच्याच ताब्यात.

संतोष म्हणतो, जपानचा खेळा, सुटंल. मी नाही म्हणलं. अमेरिकेचाच लावून घेतो. अजून वरच्या दारालाच मरतो. वटवाघूळ आलं की मान आपोआप खाली जाते, ओरडणारं कुणी नाही तरी.

लिफ्टमध्ये कुणी विचारतं, बाबा, घर कुठं? मी नळदुर्ग सांगतो. पण खरं बघितलं तर तिथं आता सलीमभाईकडं एक किल्ली आहे आणि आत धूळ आहे. इथं पलंग आहे, औषधं आहेत. घर दुसरीकडंच आहे, कळंबला, आणि ते माझं नाही.

रोज दिवेलागणीला मी कळंबला फोन लावतो. दिगंबरशी भांडायला. कॅसेटीवरून, जपानवरून, त्या धोंड्यांवरून. तो उचलतो, आणि माझं भांडण सुरू व्हायच्या आत मागून आवाज येतो,

“कुणाचा फोन हाय वो?”

पहिले काही दिवस तो लगेच सांगून मोकळा व्हायचा, पावण्यांचा. आता सांगत नाही. माझ्यासारखाच गप्प बसतो आणि तिला दुसऱ्यांदा विचारू देतो. त्याच्याकडं तो आवाज आहे म्हणून तो मला देऊ शकतो, हे मला अजून खुपतं. पण मी फोन ठेवत नाही.